नाव बाकी

निवृत्त होताना सरांनी मला सहा नळ्या सोपवल्या. सगळ्यांत एकच यीस्ट, त्यांनी तरुणपणी मोहाच्या फुलांवरून आणलेलं. तेव्हा यीस्टची जात ठरवायची म्हणजे त्याला निरनिराळ्या साखरा खायला घालायच्या आणि काय पचतं ते बघायचं. हे कुठल्याच माहीत असलेल्या जातीत बसेना. पण जनुकं जुळवून बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही, हा सरांचा हट्ट. लेबलवर फक्त 'नाव बाकी'; नाव ठरल्याच्या तारखेची जागा कोरी. जनुकं वाचायची सोय आमच्या प्रयोगशाळेत यायच्या आत त्यांची सगळी नोकरी सरली.

दर तीन महिन्यांनी यीस्ट नव्या नळीत उतरवायचं आणि जुनी नळी उकळून टाकायची, हा नियमही त्यांचाच. मी तो निमूट पाळला, दर वेळी सोमवारी. रविवारी मिसरोदच्या घरी मी पाव करायची, कारण भोपाळमध्ये मनासारखा पाव मिळत नाही ही माझी जुनी कुरकुर. हात धुऊन यायची, हो. पण नखांचं काय सांगावं.

यंदा ती सोय झाली आणि नळ्यांचा रिपोर्ट आला. सहाही नळ्यांतल्या जनुकाचा वाचलेला तुकडा पावाच्या यीस्टशी अक्षर न् अक्षर जुळला. म्हणजे सरच चुकले होते तर, असं वाटलं आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं. मग त्यांची जुनी वही काढली. सरांच्या यीस्टला आपली चहातली साखर पचत नव्हती. नळ्यांतल्याला घालून पाहिली, तर त्यानं ती फस्त केली. सर बरोबर होते. त्यांचं यीस्ट माझ्या हाताखाली कधीतरी मेलं आणि तिथं माझ्या परातीतलं येऊन बसलं होतं.

एक नळी घेऊन सरांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं.

"जुनी एखादी नळी?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या उकळून टाकल्या, सर."

"हं. नियम माझाच."

"फुलं पुन्हा आणते ना. झाड कुठंय ते सांगा."

"होशंगाबाद रोडवर होतं. रस्ता रुंद झाला तेव्हाच गेलं."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'नाव बाकी' खोडलं आणि खाली पावाच्या यीस्टचं शास्त्रीय नाव पूर्ण लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात. मला रडू आलं. सरांनी नळी माझ्याकडे दिली.

"तारीख तू टाक," म्हणाले.