बांधावरची लाल चिंधी

पडदा वर जातो. मागे केंदूरचं शिवार, वाऱ्यावर डुलणारी कांद्याची पात. समोर बांध. बांधावर एक खुंटी, खुंटीला लाल चिंधी. शेजारी गोणपाट अंथरून बसलेली एक बाई. मांडीवर फळी, फळीवर कागद. वेळ सकाळची. संवाद एकही नाही. वगातले राजे, प्रधान मी पुष्कळ केले, पण एवढ्या मुक्या प्रवेशाला एवढी गर्दी जमलेली कधी पाहिली नाही. माणसं लांबून, बाभळीआडून बघायची.

ह्या अनुपमाबाई. झेडपीच्या शाळेत वर्षानुवर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. त्यांनी फळ्यावर बैल काढला, की पोरं त्याला चारा टाकायला उठायची. मागच्या दिवाळीत बाईंनी राजीनामा दिला. म्हणाल्या, लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करणार. पक्की नोकरी चित्रांपायी सोडली? गावाला पटेना. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं नाही.

त्यात ती खुंटी. सणसवाडीकडून कारखाने सरकत येताहेत, जमिनी जाणार अशी आवई अधूनमधून उठते. मोजणीवाले आले की आधी खुंट्या ठोकतात, चिंध्या बांधतात. मग बाईंची खुंटी कशाची?

मी विचारलं, तेव्हा त्या हसल्या. "रोज एकाच जागी बसावं लागतं, आप्पा. हातभर सरकलं तरी विहीर वेगळी दिसते. म्हणून खूण."

बांधासमोरची ती विहीर पोपटरावांची. त्यांनी खुंटी उपटून ओढ्यात फेकली. बाईंनी दुसऱ्या दिवशी नवी ठोकली. झालं, संशय पक्का.

"आप्पा, हिला कंपनीनं बसवलीय," पोपटराव मला म्हणाले. "गावाचा बाईंवर इस्वास हाय, म्हणून हिलाच धरलंय."

"माझ्या शेळीचं बी चित्र काढलं की," धुरपदा म्हातारी म्हणाली. "आता शेळ्या बी मोजून नेत्यात काय?"

मग बाईंच्या ओट्यावर गोष्ट ऐकायला येणारी पोरं बंद झाली. घाव बसला तो इथं. पुण्याचे प्रकाशक पुस्तक छापायला तयार होते. पण बाईंचा नेम असा, की आधी गावच्या पोरांना वाचून दाखवायचं. जिथं पोरं चुळबुळतील तिथं खोडायचं. शेवटपर्यंत ऐकलं, तरच छापायला द्यायचं. आता ऐकायलाच कोणी नाही.

मी म्हटलं, "बाई, देवळापुढं वाचा. सगळ्यांदेखत."

संध्याकाळी गाव जमलं. आयांनी पोरांची मनगटं घट्ट धरलेली. बाईंनी पानं उघडली, वाचू लागल्या. धुरपदाची शेळी चरत चरत विहिरीच्या काठावर आली, पाय घसरला, आणि...

"थांबा!" पोपटराव पुढं आले. ते पान ओढून घेतलं, दिव्यापुढं धरलं, उलटं केलं. "गट नंबर कुठं लिवलाय?"

"गोष्टीला गट नंबर नसतो, आबा."

"मग हीर माझी हुबेहूब कशापायी?"

"भलतीच विहीर काढली तर पोरं म्हणतील, बाई खोटं सांगतात."

"आन् शेळी माझीच हाय," धुरपदा मधेच ओरडली. "कान बघा की तिचा, फाटका!"

लोक हसले. पोपटराव नाही हसले. "हा कागद सकाळी तलाठ्याला दावणार," म्हणून पान त्यांनी छातीशी धरलं. पण तोवर पोरांनी मनगटं सोडवून घेतली होती, ती बाईंसमोर मांडी घालून बसली होती. त्यांचा एकच गलका, "पुढं काय झालं? पुढं काय झालं?"

पोपटरावांनी हातातल्या पानाकडं पाहिलं. मग बाईंकडं. डोळ्यांतला संशय तसाच. चोराची उलटतपासणी घ्यावी, तशा आवाजात विचारलं, "मग वर कशी आली ही?"

"आधी बसा, आबा. उभ्यानं ऐकणाऱ्याला मी पुढचं सांगत नाही."