पाडळीची ताजी फुलं

झाड चोरीला गेल्याची तक्रार माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच आली, आणि ती मी विसरलेलो नाही. निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात दक्षिण दिल्लीतल्या आमच्या ठाण्यात एक वृद्ध गृहस्थ आले. हवालदार मला सांगायला आला, "सर, आपके मराठीवाले हैं. रो रहे हैं." काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ. इथल्या जंगलात त्यांना पाडळीचं झाड सापडलं होतं. दिल्लीत ते आता जवळजवळ दिसतच नाही. ते कुणीतरी नेलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तक्रार घेऊन मी जागेवर गेलो. बुंधा नाही, भुसा नाही, काही नाही. पाडळीची मुळं औषधाला जातात, म्हणून लाकूडचोरीत पूर्वी सापडलेल्या एका टेंपोवाल्याला बोलावून फैलावर घेतलं. तो वैतागून म्हणाला, "साहब, पेड़ ले जाएँगे, पर गड्ढा तो यहीं छोड़ेंगे ना?" बरोबर होतं त्याचं. चहा पाजून सोडून दिलं.

मग करोल बागेत काकांच्या घरी गेलो. काकांना अलीकडे विस्मरण होतं, हे काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पूर्वी त्यांनी शोधलेलं असंच एक झाड लोकांनी मुळांसाठी खणून मारलं होतं. तेव्हापासून या झाडाची जागा ते सगळ्यांना मुद्दाम खोटी सांगत, काकूंनासुद्धा. आता खरी जागा पुसली गेली आणि खोटीच तेवढी डोक्यात राहिली. झाड गेलं म्हणून काका जेवत नव्हते. वन खात्यालाही रोपांसाठी त्याचं बी हवं होतं.

काका झाडाचं काही घरी आणायचे का, असं मी विचारलं.

"घरी नाही," काकू म्हणाल्या. "मी हिंदूराव हॉस्पिटलला नर्स होते ना. वैशाखात सकाळच्या ड्यूटीवर हे मला फुलं आणून द्यायचे. मी वासासाठी प्यायच्या पाण्यात टाकायची."

"कोमेजलेली?"

"छे, बिल्कुल ताजी."

पाडळीचं फूल पहाटे गळतं, हे काकांनीच ठाण्यात सांगितलं होतं. दक्षिण दिल्लीतून पार उत्तरेला हिंदूरावपर्यंत दोन बस बदलून, त्या उन्हात, ते ताजं पोचणं शक्य नव्हतं. झाड रुग्णालयाजवळच्याच रिजवर, तिथल्या जंगलाच्या टेकडीवर असणार. हद्द माझी नव्हती, तरी वनरक्षकाला घेऊन सकाळी सकाळी हिंडलो. विलायती किकरांच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळींच्या दाटीत आधी जमिनीवरची फुलं दिसली, मग मान वर केली.

काकांना तिथे नेलं. खोडावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. काकू रडल्या, आणि खरं सांगायचं तर मीही.

वन खात्याने पुढे शेंगा गोळा केल्या, रोपं झाली. पुढच्या उन्हाळ्यात मी सहज भेटायला गेलो. काकांनी मला ओळखलं नाही. पण माणूस बरा वाटला असावा. जवळ बोलावून हळूच म्हणाले, "झाड आहे बरं का. फक्त पोलिसांना सांगू नका."

नाही सांगत, म्हटलं. लोकांची गुपितं काढून घेण्यात माझी सगळी नोकरी सरली. एखादं राखणं हेही पोलिसाचंच काम आहे, हे त्या घरात कळलं.