दलंदामावशीची सात पातेली

दलंदामावशीच्या अटकेला माझं सुवाच्य अक्षर कारणीभूत आहे. सफाक्स शहरातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या मी रंगवल्यात. त्यांनी आजवर कुणाचं नुकसान झालं नाही, कारण पाट्या कुणी वाचतच नाही.

मावशी शहराच्या जुन्या तटाच्या भिंतीखाली राहणाऱ्या बेघरांना रोज दुपारी लबलाबी वाढायची. शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर शिजलेले हरभरे आणि त्यांचं जिरं घातलेलं कढत पाणी. गल्लीतली सात घरं एकेक पातेलं शिजवून तिच्याकडे पोचवायची. संध्याकाळी घासलेली पातेली परत नेताना बायकांची जुंपायची.

"हे माझं!"

"तुझं? तुझ्याला बूड तरी आहे का गं?"

कटकट मिटावी म्हणून मी प्रत्येक पातेल्याच्या बुडाला घराचं नाव घातलं. लाल रंगात. कधीच न जाणाऱ्या.

मग बेघरांना थारा देणं गुन्हा ठरलं. पोलीस आले तेव्हा सातही पातेली मावशीच्या अंगणात पालथी वाळत होती.

खटला झाला तो टोळी करून बेघरांना थारा दिल्याचा. कोर्टात पातेली टेबलावर मांडली होती आणि आम्ही सात घरचे मागच्या बाकांवर, तशीच ओळीनं.

"सात नावं," जज्जसाहेब म्हणाले. "म्हणजे टोळीच. कोण आहेत हे लोक?"

"सगळी पातेली माझीच, साहेब," मावशी म्हणाली.

"मग ही नावं?"

"लोक मांजरांना नावं देतात, मी पातेल्यांना."

"आणि हे 'लसाद पेंटर'?"

"ते सगळ्यात गळकं."

कोर्ट हसलं. जज्जही हसले. टोळीतलं एकच माणूस हाती लागलं म्हणून आठच महिने दिले. मी उभं राहायला हवं होतं. गुडघ्यांनी दगा दिला असं सांगितलं असतं, पण गुडघे ठणठणीत होते.

आता आम्ही सात घरं पाळीपाळीनं तुरुंगात जेवणाची टोपली पोचवतो. टोपली भरताना कुणी हात आखडत नाही. तटाखाली मात्र कुणी फिरकलेलं नाही. पातेली कोर्टात जमा आहेत ना, असं आम्ही एकमेकांना सांगतो.

काल माझी पाळी होती. काचेपलीकडे मावशी अर्धी झालेली दिसली.

"मावशी, तळलेला मासा आणलाय, संत्री आणलीत," मी म्हणालो. "माझ्यावरचा राग गेला ना गं?"

"टोपली तटाखाली ने, मग विचार."