थंड गावची चव

आमच्या दापोडीच्या चाळीत दारू चाखून देणारा माणूस म्हणजे आमचे हे, आणि ते दारू पीत नव्हते. माहेरी हे सांगितलं की सगळे हसायचे. पण खरंच होतं. लग्नाआधी हे खडकीच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये कामाला होते. तिथल्या म्हाताऱ्या खानसाम्यानं त्यांना वाइन चाखायला शिकवलं. घोट तोंडात फिरवायचा, वास नाकात भरून घ्यायचा आणि घोट थुंकून टाकायचा. साहेब गेले, मेस गेली, हे वर्कशॉपात फिटर झाले. जीभ तेवढी बरोबर आली.

दारूबंदी झाली म्हणून कुणाची तहान बंद झाली नव्हती. तळेगावच्या पलीकडे, मावळातल्या उंच वाड्यांवर जांभळाची आणि करवंदांची वाइन करत. ती पॅसेंजरनं दुधाच्या किटल्यांतून दापोडीला उतरायची. हे सगळ्यांना सांगायचे, "थंड गावचीच घ्या. गारव्यात सावकाश आंबती, चव टिकती. आन् स्वस्त बी पडती." विलायतेतसुद्धा थंड मुलखातली साधी बाटली कधी कधी महागड्या बाटलीच्या नाकावर टिच्चून सरस ठरते, असं खानसामा म्हणायचा म्हणे. विलायतेचं मला काय ठाऊक! पगाराच्या शनिवारी वर्कशॉपातली माणसं ‘भाऊ, भाऊ’ करत किटली घेऊन आमच्या दाराशी यायची. हे मोरीत घोट थुंकायचे आणि मान डोलावली की किटली पुढे जायची.

मान डोलावली नाही, तर त्यात पॉलिशचं स्पिरिट असायचं, सुतार लाकडाला लावतात ते. थोडं ओतलं की पाणी घातलेल्या दारूचीही झिंग चढते. त्यानं आधी डोळे जातात, मग माणूस. फाटकापलीकडच्या वस्तीत माणसं अशी गेली होती. आमच्याकडे कुणी गेलं नाही, कारण विकणारे यांच्या जिभेला टरकून होते.

मग एका हिवाळ्यात साथीचा ताप आला. हे त्यातून उठले, कामावर जाऊ लागले. एके दिवशी घाईत मी आमटीत मीठ घालायचंच विसरले. यांचं जेवण झाल्यावर मी पहिला घास घेतला तेव्हा कळलं. एरवी खडाभर मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस, आणि आमटी दोनदा मागून घेऊन उठला होता! दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच मीठ घातलं नाही.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"झकास."

मला रडूच फुटलं. तेव्हा त्यांनी कबूल केलं, "तापापासनं जिभेला, नाकाला काईच कळत न्हाई बघ."

"मग सांगा की त्यांना, आता जमत न्हाई म्हणून."

"सांगितलं की विकणाऱ्याच्या कानावर जाणार. फुडच्याच किटलीत स्पिरिट येईल. त्यास्नी भ्या हाय ते या जिभेचं."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप आला.

पुढच्या खेपेला त्यांनी किटली आदल्या दिवशीच आणायला लावली. "निवळू द्या जरा, उद्या सांगतो," म्हणाले. भाऊंचं नवं खूळ, म्हणत माणसं गेली. दार लोटून यांनी पेला भरला, तोंडाला लावला, आणि घोट थुंकला नाही. जन्मात न प्यालेल्या माणसानं तो सगळा गिळला.

मी हात धरला. ते म्हणाले, "जीभ गेली, अंग हाय की. सकाळी मी बरा, तर दारू बरी."

मी भांडले. पेले लपवले. माहेरी जाते म्हणाले. शेवटी तोंडाला येईल ते बोलले, "मरू देत त्यांना! प्या म्हणून तुमी सांगितलं व्हतं का?" यावर यांनी मी लपवलेला पेला शोधून काढला आणि विसळून ठेवला. त्या माणसाच्या हट्टापुढे मी हरले.

शिमग्याला मागणी दुप्पट आणि मावळातला साठा संपत आलेला. किटली आली. यांनी पेला रिकामा केला. दुसऱ्या सकाळी मी दारात सडा टाकत होते. फाल्गुनातलं ऊन, डोळे दिपवणारं. हे चौकट धरून उभे राहिले.

"अगं, आज धुकं लई पडलंय व्हय?"

माझ्या हातातली बादली सुटली.

"वतून टाक समदी," ते म्हणाले. "आन् त्यास्नी सांग, वास आला म्हणून."

मी किटली मोरीत उपडी केली. मग शेजाऱ्यांनी यांना पुण्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, डोळे गेले. तापानं गेले, असं यांनी मला लोकांना सांगायला लावलं.

चाळीतली माणसं भेटायला आली. खाटेभोवती उभी राहिली. एक जण म्हणाला, "वहिनी, भाऊंच्या जिभेनं वाचवलं बघा आमाला. काय जीभ हाय!"

यांनी चादरीखालून माझा हात दाबला. बोलू नकोस, असं सांगत होते. इतके दिवस मी ऐकलं होतं. आता माझ्याच्यानं राहवलं नाही.

"जीभ कवाच गेली त्यांची," मी म्हटलं. "तुमची दारू त्यांनी डोळ्यांनी चाखली."

हे माझ्यावर भयंकर चिडले. माझ्याकडे रागानं बघायला म्हणून त्यांनी तोंड वळवलं, आणि ते भिंतीकडे वळलं.