टोपलीखालचं पिवळं धान

नोकरीत हाताखालून गेलेल्या बऱ्याच प्रकरणांची नावंही आता आठवत नाहीत. हे एक मात्र दर दसऱ्याला आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक मोबाइलचोर सोडला तर गुन्हेगारही कोणी नव्हता, आणि तो चोर आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही.

मी तेव्हा रिसोडला ठाणेदार होतो. पितृपक्षाच्या सुमारास गावाबाहेरच्या सोयाबीन गोदामावरचा नेपाळी चौकीदार ठाण्यात आला. त्याची बायको आणि शाळेत घालायच्या वयाची मुलगी नेपाळहून पहिल्यांदाच त्याच्याकडे राहायला निघाल्या होत्या. तो घ्यायला अकोला स्टेशनवर गेला. गाडी आली, पण दोघी उतरल्या नाहीत. बायकोचा फोन बंद होता.

आम्ही मिसिंग दाखल केली, रेल्वे पोलिसांना कळवलं, बिनतारी संदेश सगळीकडे पाठवला. शोध चालला तो रेल्वेच्या वाटेवर. आमच्याच हद्दीत शोधावं असं कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. फोटो होता तो लग्नातला. कपाळभर टिकल्या, नाकात मोठी फुली आणि ओठांना रंग. त्यावरून तिच्या आईनेही तिला ओळखलं नसतं.

नवरात्र बसलं आणि मी पुरवणी जबाबासाठी त्याच्या खोलीवर गेलो. कोपऱ्यात तेलाचा कापलेला डबा काळ्या कापडाने झाकून ठेवलेला दिसला. झाकलेला डबा दिसला की पोलिसाला आधी दारूच आठवते. मी कापड उचलायला गेलो, तर त्याने हात जोडले.

"साब, जमरा है। जौ बोया है। इसको धूप नहीं दिखाते, तभी पीला उगता है।"

म्हणजे आपल्या घटात उगवतं तसंच धान. फरक एवढाच की ते उजेडात हिरवं होतं, हे अंधारात पिवळं ठेवतात. दसऱ्याला त्यांचा मोठा सण, दशैं. त्या दिवशी घरातला वडीलधारा माणूस धाकट्यांच्या कपाळाला टिका लावतो आणि हे पिवळे कोंब डोक्यात खोवतो. जव त्याने पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणले होते.

"पण तू तर इथं एकटाच," मी म्हणालो. "लावणार कोणाला?"

"वो लोग आ गए तो? तब बोने से तो नहीं उगेगा न, साब।"

मला त्या माणसाचं वाईट वाटलं. पण वाईट वाटून तपास पुढे सरकत नाही. जबाबावर सही घेऊन मी निघालो.

अष्टमीला सकाळीच वाशीम रोडवरच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, गाडी घेऊन लवकर या. आमच्या इथं मळ्यात एक परकी बाई राह्यते. टोपलीखाली अंधारात काहीतरी उगवून राह्यली. बाजूवाल्याची म्हैस आटली, तर लोक म्हणते का तिनंच करणी केली. दसऱ्याच्या आत तिले गावाबाहेर काढतो म्हणते."

पोहोचलो तेव्हा बांधावर माणसं जमली होती. पुढे म्हशीवाला, हातात काठी. मी जादूटोणाविरोधी कायद्यात काय शिक्षा आहे ते मोठ्या आवाजात सांगितलं. ते ऐकून निम्म्या लोकांना घरची कामं आठवली. उरलेल्यांसमोर शिपाई उभा केला आणि त्या बाईला ठेवून घेतलेल्या मळेकरी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून ती कोण ते विचारलं.

भाजीपाला पिकवून बाजारात विकणारी ही साधी माणसं. नवरा म्हणाला, "माह्या साडूची पोरगी हाय. छिंदवाड्याची." बायको म्हणाली, "माह्या मामाची नात हाय. मेळघाटातली." खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात तो असा. माझा अनुभव आहे, पोचलेला गुन्हेगार आधी ठरवून खोटं बोलतो. भली माणसं ठरवायचंच विसरतात.

ती बाई दारात उभी होती. रापलेली, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, चेहऱ्यामोहऱ्याने आपल्याकडच्या कोणत्याही शेतमजूर बाईसारखी. मुलगी तिला चिकटलेली. बाई एकाही प्रश्नाला उत्तर देईना. मी महिला शिपायाला घेऊन झोपडीत गेलो. कोपऱ्यात बांबूची टोपली उपडी ठेवलेली होती, वर पोतं. बाहेरचे लोक श्वास रोखून बघत होते. मी टोपली उचलली. खाली घमेल्यात मातीवर बोटभर उंचीचे पिवळेजर्द कोंब होते.

मी घमेलं लगेच परत झाकलं. मग तिला विचारलं, "इसको धूप नहीं दिखाते न?"

तिने पहिल्यांदा मान वर केली.

"जमरा है?"

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी नवऱ्याचं नाव विचारलं. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तिनेही घेतलं नाही. मुलीने मात्र बापाचं नाव खणखणीत सांगितलं. ते आमच्या मिसिंगमधलंच नाव होतं.

मग सगळा उलगडा झाला. भुसावळला तिचा फोन चोरीला गेला. चोराच्या मागे ती मुलीला घेऊन खाली उतरली आणि गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने अकोल्याला आली, तोवर नवरा तिला शोधायला भुसावळकडे गेलेला. फोन नंबर पाठ नव्हता. नवरा गावी सांगताना नेहमी एवढंच म्हणायचा, "वाशीम में रहता हूँ।" परमुलखात आपण सगळे जिल्ह्याचंच नाव सांगतो. मुंबईला गेलेला रिसोडचा माणूसही वाशीमचाच असतो. ती एसटीने वाशीमला आली आणि तिथे नसलेलं गोदाम शोधत राहिली.

"तुम्ही पोलिसात काहून नाही आल्या?" मी मळेकरणीला विचारलं.

"म्या वाशीमच्या बाजारात सांबार-मेथीच्या जुड्या विकून राह्यली होती," ती म्हणाली. "हे लेकरू घेऊन समोर उपाशी बसलेली. पोलिसात नेते म्हटलं तर थरथर कापाले लागली. कागद नाही म्हणे, कैद करतीन. अन् तुमच्याकडं आलं का आमाले चकरा लागते, साहेब. मंग घरीच आणलं." जमऱ्यासाठी जवही तिनेच दिले होते. घटाच्या सात धान्यांतून दोघींनी मिळून निवडून काढलेले.

चकरांबद्दल ती बोलली ते खोटं नव्हतं. मी ऐकून घेतलं.

चौकीदाराला आणायला मी गाडी पाठवली. तो झाकलेला डबा छातीशी धरूनच उतरला. मला वाटलं होतं, आता रडारड होईल. पण ती उठली, ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि त्यांच्या भाषेत त्याला झाडायला लागली. मला त्यातला एकच शब्द कळत होता, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. वाशीम. तो खाली मान घालून ऐकत होता आणि हसत होता. मुलगी आधी लांबच राहिली, तिने बाप फोनवरच पाहिलेला. मग तिने डबा आणि घमेलं शेजारी ठेवून कोणाचे कोंब उंच ते पाहिलं.

दसऱ्याला बंदोबस्तावरून परतताना मी मळ्यात डोकावलो. वडीलधारं कोणी नाही म्हणून टिका लावायला मळेकरणीला बसवलं होतं. म्हशीवालाही आपट्याची पानं घेऊन आला होता. म्हैस डॉक्टरच्या सुईने बरी झाली होती. त्याच्या टोपीत घरच्या घटाचं हिरवं धान खोवलेलं होतं.

"हे बी आपल्यासारखंच हाय का?" त्याने घमेल्याकडे बघत विचारलं.

"मंग काय," मळेकरीण म्हणाली. "त्यानं फक्त उन्ह नाही पाह्यलं."

माणसं न पाहिलेल्या गोष्टीला भीत नाहीत. अर्धवट झाकलेल्या गोष्टीला भितात. गाव टोपलीला भ्यालं, बाई खाकीला भ्याली, मळेकरी चकरांना भ्याले. त्या गावाला एकदा टोपली उचलून दाखवली, तेवढं पुरलं. खाकीची भीती घालवायला एक नोकरी पुरत नाही, हे मी या प्रकरणात शिकलो.

निघताना मळेकरणीने मला थांबवलं, कपाळाला टिका लावला आणि दोन पिवळे कोंब माझ्या टोपीत खोवले. गणवेशाच्या टोपीत असं काही चालत नाही. ड्रायव्हरने पाहिलं आणि मान वळवली. मी ठाण्यापर्यंत तसाच गेलो.