विलायतेतले चौदा दिवस

मी इंग्लंडला जाऊन आलो आहे. इंग्लंड पाहिलेलं मात्र नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नागपुरात संत्र्याच्या झाडांच्या रोगांवर काम करत असे. परदेशातून आलेली रोगट कलमं निरोगी झाडांपासून वेगळी कशी ठेवावीत, या विषयावर इंग्लंडात पंधरा दिवसांचा अभ्यासवर्ग होता आणि त्यासाठी माझी निवड झाली. आमच्या घराण्यात समुद्र ओलांडणं सोडाच, कोणी तो पाहिलासुद्धा नव्हता. (एक चुलतकाका भोपाळपर्यंत गेले होते, पण ते बैतूलला उतरायच्या वेळी झोप लागली म्हणून!)

त्या वर्षी आपल्याकडे देवीची साथ जोरात होती. देवीची लस टोचल्याचं पिवळं पुस्तक जवळ नसेल तर विलायतेत पाऊल ठेवू देत नव्हते. पुस्तकात खाडाखोड असली तरी ते रद्द. आणि मी रद्द झालो तर जाणार कोण? यादीत दुसऱ्या नंबरवर असलेले आमचे सहकारी धोटे. ते रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन विचारत, "काय गा, ताप-बिप नाही ना?" आणि मी नाही म्हटलं की हिरमुसून परत जात.

मी लस टोचून घेतली. डावा दंड सुजला, पण पुस्तकात गोल शिक्का बसला. रामदासपेठेतल्या आमच्या गल्लीत ते पुस्तक न पाहिलेला माणूस मी शिल्लक ठेवला नाही.

अशात उमरेडहून एसटीने आमच्या आत्याबाई आल्या, मला निरोप द्यायला. आमच्याकडे नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय वापरायची नाही, असा दंडक. शिलाई मशीन, सायकल, माझ्या पदवीचा कागद, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पिवळं पुस्तक देव्हाऱ्यात उघडं पडलेलं, आणि शिक्क्यावर रुपयाएवढं कुंकू! नीट चिकटावं म्हणून वर तुपाचा थेंब.

"आत्याबाई, हे काय केलं?" मी ओरडलो.

"पूजा केली. तू साता समुद्रापार जाऊन राहिला, मंग कागदाले कुंकू नको?"

"पण शिक्क्यावर?"

"मंग कुठं लावू बाप्पा? तिथं गोल होता तर तिथंच लावलं!"

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. कुंकवाखाली शिक्का अंधूक का होईना दिसत होता. पण मी पडलो शास्त्रज्ञ! ओलं फडकं घेतलं आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने पुसलं. कुंकू गेलं. शिक्का गेला. डॉक्टरांची सहीसुद्धा फडक्यावर आली.

लस टोचणारे साहेब पुस्तक उजेडाला धरून म्हणाले, "ही खाडाखोड आहे."

"साहेब, हे कुंकू आहे."

"मंग कुंकवाची खाडाखोड आहे. नवा शिक्का पाहिजे तर लस नवी. डावा झाला ना? उजवा काढा."

निघायला तीन दिवस राहिले होते. उजवा दंडही फुगला, अंगात ताप भरला, आणि दोन्ही हात पाण्यात भिजलेल्या सदऱ्याच्या बाह्यांसारखे लोंबू लागले. कुसुम, म्हणजे आमची बायको, मला घास भरवू लागली.

"तुला फार त्रास होतोय," मी हळवा होऊन म्हणालो.

"मले तर काही फरक नाही दिसून राहिला," ती म्हणाली. "हात बरे होते तेव्हा तरी तुम्ही पाण्याचा गिलास कधी उचलला?"

नव्या पुस्तकाला आत्याबाईंनी चार हातांवरून नमस्कार केला. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. आता गुपचूप निघालो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मला मिरवणूक हवी होती! बँड मीच ठरवला, फोटोग्राफर मीच बोलावला आणि गणपतीत उरलेला गुलाल आणायला गल्लीतल्या मंडळींना मीच सांगितलं.

"अंगात ताप आहे, अन् गुलाल काहून?" कुसुमने विचारलं.

"लोक काय रोज विलायतेला जातात?" मी ऐटीत म्हणालो.

स्टेशनवर धोट्यांनी वेगळी पुडी काढली आणि "मले विसरू नको गा" म्हणत माझ्या दोन्ही गालांना, मानेला, कानांमागे मनसोक्त गुलाल चोळला. अडवायला हात वर होत नव्हते. मी फोटोसाठी हसत राहिलो.

मुंबईपर्यंत अंगाला खाज सुटली. विमानात चेहरा पेटला. इंग्लंडात उतरलो तेव्हा कपाळापासून छातीपर्यंत लाल पुरळ उठलं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने पिवळं पुस्तक तपासलं, त्यात एक डाग नव्हता! मग त्याने मला पाहिलं. साथीच्या देशातून आलेला माणूस, अंगात ताप, दोन्ही दंड सुजलेले आणि तोंडभर पुरळ. तो दोन पावलं मागे सरला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, "लाल पावडर आहे. मित्रांनी चोळली. आनंद झाला म्हणून." तो आणखी दोन पावलं मागे सरला आणि त्याने फोन उचलला.

गावाबाहेरच्या एका खोलीत त्यांनी मला ठेवलं. पुरळ तिसऱ्या दिवशी गेलं, पण नियम चौदा दिवसांचा होता. एक खिडकी, तिच्यातून दिसणारं एक झाड, आणि दाराशी ठेवून जायचे ते जेवणाचं ताट. पहिल्या दिवशी मी चक्क रडलो. गल्लीभर मिरवून आलेला माणूस, आणि इथे मला शिवायला कोणी तयार नव्हतं. पंधराव्या दिवशी अभ्यासवर्गाचे प्रमुख आले. त्यांनी लांबूनच हात हलवला, दारातून प्रमाणपत्र आत सरकवलं, आणि मला परतीच्या विमानात बसवून दिलं.

नागपूर स्टेशनवर पुन्हा बँड! (तोही मीच जाताना ठरवून ठेवला होता.) धोटे पुडी घेऊन पुढे आले. या वेळी दोन पावलं मी मागे सरलो.

संध्याकाळी गल्लीत माझा सत्कार झाला. विलायत कशी आहे, यावर मी तासभर बोललो. तिथली स्वच्छता, तिथली शांतता, जेवण कसं ठोक्याला येतं, कोणी कोणाच्या जवळसुद्धा येत नाही! एक शब्द खोटा नव्हता. आत्याबाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि कुसुम माझ्याकडे संशयाने पाहत होती.

शेवटी धोट्यांनी विचारलंच, "अन् त्या वर्गात शिकला काय गा तू?"

"बाहेरून आलेलं रोगट कलम चौदा दिवस वेगळं कसं ठेवायचं ते," मी म्हणालो.

"करून दाखवलं का त्यांनी, का नुसती भाषणं?"

"बाकीच्यांना भाषणंच ऐकवली," मी प्रमाणपत्राची सुरळी करत म्हणालो. "करून दाखवायला कलम मीच होतो."