उतरलेली चेन

सकाळी लेकीच्या सायकलची चेन बसवली आणि ग्रीसच्या वासासरशी मखमलाबादचा पाट आठवला.

पोलीस भरती आठवड्यावर आली होती. पहाटे मी पाटाच्या कडेने पळायचे. मागून दादा, माझे वडील, कोथिंबिरीच्या जुड्या सायकलला बांधून मार्केटला निघायचे. त्या दिवशी बरगडीखाली अशी कळ आली, की श्वास घेता येईना. पण दादांसमोर थांबायची लाज वाटली.

"थांब गं, चेन उतरली!"

ते चाकाशी बसले. मी धापा टाकत उभी राहिले. हळूहळू कळ ओसरली.

"बसली. पळ आता," म्हणत त्यांनी पाठीवर थाप मारली. मी पळाले. भरतीतही पळाले.

आज साबणाने घासूनही माझे हात काळेच आहेत. त्या पहाटे माझ्या पांढऱ्या टी-शर्टवर डाग एकही नव्हता, नुसता कोथिंबिरीचा वास होता.